क्रमांक दोनशे बारा

तिसऱ्या मजल्यावर, अठरा अंशांत
रेव्हरंड इनिस गिलँडर्स यांची एक हजार त्रेचाळीस पुस्तकं.
बाहेर नेता येत नाहीत. शाईचं पेन आणू नये.
मी दिवसातून दोनदा हवेतला ओलावा मोजते,
पगार त्याचाच.

प्रवचनांच्या जाड खंडांची पानं
त्यांनी कापलीच नाहीत.
मधमाश्यांवरचं पुस्तक मात्र
पाठीतून मोडलेलं, मेणाने चिकटलेलं.
नरकाच्या प्रकरणाशी, समासात, पेन्सिलीने:
"बटाटे सडले. रविवारी काय सांगू यांना?"

एका स्तोत्रसंग्रहात माशाचा खवला सापडला,
नखाएवढा. अजून चकाकतो.
तो मी नोंदवला नाही.

उसनवारीची वही वेगळी आहे:
कुणी काय नेलं, कुठल्या होडीतून.
मेणकापडात बांधून, हेरिंगच्या टोपल्यांतून
ही पुस्तकं हेब्रिडीजच्या बेटाबेटांवर हिंडायची,
खारट होऊन परतायची.
उशीर झाला तर दंड एक अंडं.
कोंबड्या नसतील त्यांना माफ.

दोनशे बारा: नकाशांचं पुस्तक.
"टॉर्किलच्या विधवेकडे. मागू नये."
पुढे तारीख नाही.

फळीवर त्या जागी आम्ही लाकडी ठोकळा बसवलाय,
शेजारची दोन कलू नयेत म्हणून.

परवा तिकडच्याच एका शाळेची सहल आली.
ओल्या बुटांची एक मुलगी
ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाली,
हे कुठलं पुस्तक?

म्हटलं,
वाचायला गेलंय.