वर्गणी

डंडीत, हिलटाउनच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावरच्या
आमच्या विजेच्या मीटरला किल्ली असते.
कोपऱ्यावरच्या दुकानातून ती भरून आणायची.
उजेड संपत आला की मीटर टुकटुकतो.
हे मला पटतं. वीज जळते. जळलेल्याचे पैसे.

पण निषादचा खेळ मी एकदा विकत घेतलाय,
नाताळच्या आधी, पंचावन्न पाउंड मोजून.
डबी अजून टीव्हीखाली आहे.
तरी दर महिन्याच्या नऊ तारखेला
बँकेतून सात पाउंड उठून चालू लागतात
घरच्या मांजरासारखे,
कुठे गेले विचारायचं नाही.

"आई, ते खेळाचे नाहीत. सोबत खेळण्याचे आहेत."
"आणि एकट्यानं खेळलास तर?"
"फुकट."
तो बूट काढत होता. एवढंच बोलला.
मी तो शब्द घेऊन रात्रपाळीला गेले.

केअर होममध्ये बारानंतर
मिसेस गेडिस घंटी वाजवतात. पाणी नको असतं,
उशी नको असते. कुणी जागं आहे ना, एवढं बघायचं असतं.
त्या जागण्याचा मला तासावर पगार मिळतो.
मग कुठंतरी त्या यंत्रांपाशीही कुणी जागत असेल,
तारा तपासत, पंखे पुसत,
निषादच्या टोळीचा किल्ला पडू नये म्हणून.
त्याला नको का द्यायला?
पहाटे चारपर्यंत मी कंपनीच्या बाजूची होते.

मग अण्णा आठवले.
फलटणच्या वाचनालयात लेखनिक. बोटांना कायम शाई.
महिना दोन रुपये वर्गणी, पाच रुपये अनामत,
पुस्तक घरी न्यायचं असेल तर.
तिथंच लांब टेबलाशी वाचायचं असेल
तर या, बसा, पंखा चालू आहे.
हमाल यायचे, निवृत्त तलाठी यायचे,
एकच पेपर चौघांत, पानं वाटून,
आतलं पान संपलं की "द्या इकडं".
एकट्यानं वाचायला वर्गणी होती तिथं.
सोबत फुकट.

आणि मार्चअखेर हिशोब फळ्यावर लागायचा,
जमा, खर्च, केरसुण्या साडेतीन रुपये.
त्या केरसुण्यांवरून सभेत झालेलं भांडण मला आठवतंय.
सात पाउंडांतल्या केरसुणीसाठी मी कुणाशी भांडू?

एप्रिलमध्ये माझ्या पाळ्या कमी झाल्या. वर्गणी थांबवली.
नऊ दिवस निषाद यंत्राशी खेळला,
जिंकला, आणि कुणाला सांगावं ते त्याला कळेना.
दहाव्या दिवशी खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी उलगडलं:
त्याच्या टोळीतला लांडगा म्हणजे
तळमजल्यावरचा रोरी.
अरे, एकाच जिन्यात राहता. बोलाव की वर!

आला. केस ओले, हातात बिस्किटांचा पुडा.
दोघं माझ्या सोफ्यावर, गुडघ्याला गुडघा.
खेळ म्हणाला, नाही.
एका पडद्यावर दोघं चालत नाहीत.
दुसरा पडदा आणा, दुसरं यंत्र, दुसरी वर्गणी,
मग वीतभर अंतरावरच्या पोराची हाक
कुठल्याशा समुद्राखालून फिरवून तुम्हाला पोचती करू.

ते आळीपाळीनं खेळले. एक खेळायचा,
दुसरा त्याच्या कानात ओरडायचा.
गालिच्यावर बिस्किटांचा चुरा.
पुढच्या शनिवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही.
मला वाटलं, आपण जिंकलो.

मे महिन्यात रोरीच्या आईनं घर सोडलं. पर्थला गेली ती माणसं.

नऊ तारखेला मी पैसे भरले.
पावती फोनवर आली, नुसता ग्राहक क्रमांक.
अण्णा पोराटोरांच्याही पावतीवर
चिरंजीव लिहायचे, पूर्ण नाव, शाई वाळेपर्यंत थांबून.

आता आतलं दार लोटलेलं आहे.
रोरी पर्थहून काहीतरी बोलला असणार,
निषाद पोट धरून हसतोय.
त्या हसण्याची किंमत सात पाउंड जास्त की कमी,
मी अजून ठरवलेलं नाही.

मीटर टुकटुकतोय.
किल्ली घेऊन खाली जाऊन येते.