सव्विसावा मैल

रविवारी पहाटे निघालो, एका गाडीत सात जण,
मागच्या सीटवर पाय दुमडून मी,
पुढे पमाताई, कारण तिला गाडी लागते
आणि कारण ती सगळ्यांत मोठी.

आडगाव सुटलं तशी तिनं काच खाली केली.
थंडी आत आली, ओल्या धुराच्या वासाची.
द्राक्षबागांच्या बांधांवर शेकोट्या केलेल्या,
माणसांसाठी नव्हे, घडांसाठी.
‘वेलींना शेक देतात?’ श्रेयूनं विचारलं.
‘आम्हांला नाही दिला कधी कुणी,’ बाळनाथ म्हणाला
आणि सगळे हसलो,
वहिनी जरा उशिरा.

चांदोरीला शाळा सापडली नाही.
म्हणजे शाळा होती, पण कुणा दुसऱ्याची,
भिंतीवर पाढे आणि पोपट रंगवलेली.
आपली पारामागे होती, मी म्हणालो.
पार नव्हता, हौद होता, पमाताई म्हणाली.
बाळनाथला दोन्ही आठवेनात,
त्याला फक्त एका मुलीचं दप्तर आठवत होतं,
हिरवं, एक बक्कल तुटलेलं.
टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला,
मी सिन्नरचा.

अण्णा पाटबंधारे खात्यात.
दर तीन वर्षांनी आमचं गाव बदलायचं,
पाणी तेच असायचं.
आई म्हणायची, आपला पत्ता मैलात सांगा.

सव्विसाव्या मैलाचा दगड अजून आहे,
आकडा तेवढा चुन्यानं बुजलाय.
क्वार्टरचे पत्रे कुणीतरी नेलेले, दारावर ४/ब शाबूत.
‘एवढ्यात पाच माणसं?’
‘आणि एक शेळी.’
वहिनीनं भाकरी सोडली, ठेचा सोडला,
कालव्याच्या काठावर वर्तमानपत्र उडू नये म्हणून
चार कोपऱ्यांवर चार चपला.

खाऊन झाल्यावर मी गोष्ट काढली.
ती सगळ्यांना पाठ आहे,
माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगितली गेली होती:
मी सहा वर्षांचा, कोरड्या चारीत खेकडे शोधत होतो,
वरून आवर्तन सुटलं, गेट उघडंच,
अण्णा धावत आले, चाक फिरवलं,
पाणी माझ्या गुडघ्याशी येऊन थांबलं.
‘मागच्या वेळी कमरेशी होतं,’ श्रेयू म्हणाली.

पमाताई उठून गेटपाशी गेली.
चाकाला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाला गंज.
त्यावर हात ठेवून, आमच्याकडे न बघता म्हणाली,
‘अण्णा त्या दिवशी निफाडला होते.’

मग?

‘मग काय.
फिरेचना मेलं. फ्रॉकचा घोळ हाताला गुंडाळला
आणि लोंबकळले.’

बाळनाथ ठेच्याचं बोट तसंच धरून बसला.
मी विचारलं, सांगितलं का नाहीस कधी?
इतकी वर्षं, माझ्या तोंडावर मी तेच तेच सांगत असताना?

‘संध्याकाळी आले ते. तुला पोटाशी धरून रडले.
अण्णांना रडताना तेवढंच पाहिलं मी.
मग तू त्यांचं नाव घेऊन सांगायला लागलास,
तेही नाही म्हणाले नाहीत.
ऐकायला बरं वाटायचं रे.
फ्रॉक फाडला म्हणून आईनं मारलं, ते वेगळं.’

नांदूरच्या बाजूनं पाखरांची एक लांब रेघ आली,
मोडली, पुन्हा जुळली.
श्रेयूनं चाकाला दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहिला.
साखळी वाजली फक्त.

परतताना ताई मागे बसली, माझ्याजवळ.
निफाड येण्याआधीच झोपली,
डावा हात मांडीवर उघडा पडलेला.
मी बघत राहिलो. काही दिसलं नाही,
रेषा होत्या, चारचौघींसारख्या,
आणि थोडा गंज.

आडगावच्या सिग्नलला ती जागी झाली,
शाल सारखी केली, म्हणाली,
‘हौदच होता.’