पुढचं उजवं

आधी मलाच ऐकू आला.
चाळीसच्या पुढे गेलं की एक घूं,
पिठाची गिरण बंद करायला कुणी विसरावं तसा.
सगुण म्हणाला, टायर.
सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, रस्ताच तसा.
मुलीने ओठ मिटून हुबेहूब तोच सूर लावला
आणि जुन्या गोव्यापासून पणजीपर्यंत सोडला नाही.

पुढचे टायर मागे केले, मागचे पुढे.
घूं तिथेच.
मग सगुणने रेडिओ मोठा केला.
आमच्याकडे पुष्कळ गोष्टी अशाच दुरुस्त होतात.

एका रविवारी पहिल्या फेरीने मी एकटीच बायपासवर गेले.
साठचा वेग, काचा वर, पंखा बंद.
क्लच दाबून गिअर काढला, इंजिनाचा जीव खाली बसला,
घूं तसाच.
म्हणजे इंजिन नव्हे, चाक.
रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडे:
वाढला.
उजवीकडे:
विरला, कुणी दार ओढून घेतल्यासारखा.
तीनदा केलं. मागून आलेल्या मासळीच्या टेम्पोने
शिवी द्यावी तसा हॉर्न दिला.

खोर्लीत फणसाखाली रुझार मेस्ताचं गॅरेज.
मी म्हटलं, डावीकडे वळलं की ओरडतं, डावंच असणार.
तो हसला नाही.
"बाये, दावेकडेन वळटना भार खंय पडटा?"
"उजवीकडे."
"मागीर? जाचेर वजें, तोच बोब मारता."

जॅकवर चढवून त्याने चाक वर-खाली धरून हलवलं.
खुट्ट. किंचित, सैल दातासारखं.
मग मला म्हणाला, हात हांगा दवर,
स्प्रिंगवर,
आणि चाकाला गिरकी दिली.
तळव्यात खरखर आली, ओल्या साखरेची.
ओळखीची.
रोज रात्री सासूबाईंच्या गुडघ्याला तेल चोळताना
वाटीखाली हीच असते,
आणि त्या म्हणतात, वयच तसं.

एक्सलचा नट सुटेना. पान्यावर पाइप चढवून
मेस्त आणि त्याचा आग्नेल दोघेही लोंबकळले,
तेव्हा कुठे करकरला.
कॅलिपर तारेने टांगून ठेवला, नळीवर वजन नको म्हणून.
नकल प्रेसवर. आतलं एक कडं हबला चिकटूनच राहिलं,
ते ग्राइंडरने चिरलं, छिन्नीच्या एका घावात फोडलं.
ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल.
मेस्ताने तो अंगठ्यावर घेऊन हुंगला, चाटायचाच बाकी.
"खारें उदक. दिवाडचीं मूं तुमी?"

अकरा वर्षं. शाळा, बाजार, बांबोळीचं इस्पितळ.
भरतीचं पाणी फेरीच्या फळीवर चढलेलं असलं तरी
आम्ही त्यातूनच गाडी घातली.
थांबायला वेळ कुणाला होता.

नवं बसवताना मेस्त बोलत नव्हता.
दाब बाहेरच्या कड्यावर, आतल्यावर दिलास तर
कोरं करकरीत जन्मताच मेलं,
एवढंच आग्नेलला सांगितलं.
सर्कलिप टक्कन बसली. नट कसून
त्याची कड ठोकून खाचेत वळवली.
डावंही बदलून टाकू का, मी विचारलं.
"तें कित्याक? बरें आशिल्ल्याक हात लावचो न्हय."

बाजारातून सासूबाईंना आणि मुलीला घेतलं.
येताना काहीच नव्हतं.
इतकं काहीच नव्हतं
की डिकीतली जॅकची दांडी, सीटबेल्टचं बक्कल,
मुलीचं सर्दीचं नाक, सगळं ऐकू आलं.

धक्क्यावर पूर्ण भरती.
फळीवर अर्धा टायर बुडेल इतकं पाणी,
आणि फेरीवाला हात करतोय, या, या.
सासूबाईंच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुनं बेअरिंग.
त्यांनी ते उघडलं, उरलेल्या कड्यात बोट घालून फिरवलं,
कानाशी नेलं.
"फिरतंय की अजून."
मग गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ करत म्हणाल्या,
"जाऊ दे ही. ओहोटी लागू दे."

मी इंजिन बंद केलं.