सतरा नंबरचा पाना

टपावर लाल ‘एल’ मिरवणारी माझी आठशे
तीनच सिलिंडरांची,
चौथ्याची वाट बघत असल्यासारखी
उभ्या जागी थोडी थरथरायचीच, जन्मापासून.
पण यंदा दिवाळीनंतर
आरशात मागून येणारी कदंब बस
दोन बसा होऊन यायला लागली.
रिव्हर्स टाकला की बॉनेटखाली धाड,
कुणी पायरीवर नारळ आपटावा तशी,
आणि गिअरचा दांडा
शिकणाऱ्याच्या मुठीतून सुटून
आपल्या मनाने उडी मारी.

‘माउंटिंग गेलें, बाब,’ इनास म्हणाला.
जॅकवर फणसाच्या फळीचा तुकडा ठेवून
त्याने इंजिन बोटभर उचललं,
बोल्ट काढला,
आणि बुश माझ्या तळहातावर ठेवला.
ऑइल पिऊन फुगलेलं काळं रबर.
भेगाच भेगा. मधली नळी एका अंगाला कललेली,
एका दोऱ्यावर लोंबणाऱ्या बटणासारखी.
‘कितलीं वर्सां शिकयता रे तूं?’
एकवीस.

तिथेच उभ्याउभ्या मोजायला लागलो
क्लचवरून झटक्यात पाय उचलणारे:
बांदोड्याचा पोस्टमन,
शिरोड्याची जुळी भावंडं, दोघांत एक चष्मा,
देवळातला तो भटजी, जो ब्रेकआधी हात जोडायचा,
आणि लायसन्स मिळाल्यावर
पुन्हा कधीच स्टिअरिंगला न शिवलेले शंभरेक.
त्या सगळ्यांचे पहिले झटके
ह्या मूठभर रबराने खाल्ले होते.
मी समजत होतो, माझ्या गुडघ्याने.

फोंड्यात मिळेना. पणजीचा दुकानदार
मॉडेलचं साल ऐकून नुसता हसला.
शेवटी कुंडईच्या वसाहतीत एक साळकर सापडला,
साच्यात रबर भरून देणारा.
टणक दे, मी म्हटलं, दगडासारखं.
पुन्हा बघायला नको.
दिलं त्याने.
चावी फिरवली तर माझे दात वाजले,
दारांच्या काचा वाजल्या,
डॅशबोर्डवरची शांतादुर्गा
चिकटपट्टी सोडून पायाशी आली.
फर्मागुढीपर्यंत जाऊन परत फिरलो,
खुर्चीवरून उतरलो तरी पोटऱ्या चालूच.

साळकर म्हणाला, मागितलंत तेच दिलं.
दुसऱ्या खेपेला मी काहीच मागितलं नाही.
त्याने नव्या बुशावर अंगठा दाबून दाखवला.
दबला एवढासा,
पिकायला टेकलेल्या मानकुरादाइतका.

इनासने ते टणक बुश नळीसकट कापून काढले,
हेक्सॉची दोन पाती घालवली, माझ्याकडे बघत.
साबणाचं पाणी लावलं, वाईस आवळला,
नवा कुरकुरत, आढेवेढे घेत आत गेला.
मी सतरा नंबरचा पाना घेऊन वाकलो
तर त्याने मनगट धरलं.
‘राव रे. आदीं ताका बसूंक दी.’

थांबलो.
बोल्ट ढिले, इंजिन चालू.
इनासने चहात उंडो बुडवून खाल्ला, सावकाश,
चुरा मांजराला टाकला.
इंजिन आपल्याच वजनाने जरा डावीकडे सरकलं,
कूस बदलणाऱ्या माणसासारखं,
आणि तिथे राहिलं.
‘आतां आवळ.’

दुसऱ्या दिवशी फर्मागुढीच्या चढावर
हेमावती केरकर, वय एकसष्ट, अंगणवाडीतून निवृत्त,
यांनी क्लच सोडला
चिमटा बसल्यासारखा.
मी डोळे मिटून घेतले, सवयीने.
काही वाजलं नाही.
गाडीने नुसती मान लववली, बंद पडली.
आरशात कदंब. एकच. हॉर्न देत.

‘बिघडली का हो?’ बाईंनी विचारलं.
जुना बुश ग्लव्ह बॉक्समध्ये आहे,
पावतीपुस्तकाला त्याचं ऑइल लागतं.
नाही, म्हटलं. परत सुरू करा.
आधी न्यूट्रल.