कोळसा किती

सासऱ्यांनी आधी वही काढली, मशीन नंतर.
मनवाच्या शाळेची उरलेली, आखीव, दोनशे पानी.
तारीख, वेळ, वारा कुठून, वास कशाचा.
डिसेंबरभर ते कोपरखैरण्याच्या आमच्या गॅलरीत
कानटोपी घालून उभे,
आणि मी आत नेब्युलायझरची नळी धुतेय,
मनात म्हणतेय, पोरीला धाप लागलीय
आणि हे हवेची जमाखर्चाची वही लिहितायत.

दुपारी तीन. पश्चिम, खाडीवरून. चिखल, जरा खारट.
सात. वारा पडला.
साडेअकरा. पूर्व, पावण्याकडून. पिकलेली केळी.
अडीच. तसाच. बूटपॉलिश.
बूटपॉलिशखाली दोन रेघा.

फोनवर आकडा एकशे अठरा. मध्यम.
"हा धुळीचा," ते म्हणाले,
"आणि तोही आपल्या गल्लीचा नाही.
डबा बसवलाय कुठं, मोजतोय कुणाची हवा."

एकतीस वर्षं रंगाच्या कंपनीत, रिॲक्टरवर.
गेटातून आत शिरतानाच कळायचं म्हणे
आज कुठली बॅच लागलीय.
सासूबाई सांगायच्या, उशीचा अभ्रा निळा व्हायचा,
दिवाळीच्या ऑर्डरी असल्या की जांभळा,
आणि सोडा घालून उकळला तरी
तेवढी एक डोक्याएवढी जागा राहायचीच.

वाशीच्या दुकानातलं पोरगं भराभर बोलत होतं:
एच तेरा, पाचशे चौरस फूट, रात्री आवाज नाही,
ॲपवर दिसतं सगळं, हवा शुद्ध झाली की दिवा हिरवा.
सासऱ्यांनी मान हलवत ऐकून घेतलं.
मग विचारलं, "कोळसा किती?"
"काय, सर?"
"कार्बन. ग्रॅममध्ये."
"आहे ना सर, ही काय काळी जाळी."
त्यांनी जाळी उजेडाकडे धरली.
तिच्यातून पलीकडचा सरकता जिना दिसत होता,
वर जाणारी माणसं, त्यांच्या पिशव्यांचे रंगसुद्धा.
"धूळ अडेल कागदात," ते म्हणाले,
"वास काय कागदाला विचारून येतो?"

तिसऱ्या दुकानात, मागच्या मांडणीवर, एक ठोकळा.
ॲप नाही, दिवा नाही,
फिल्टर काढायचा तर दोन्ही हात लागतात.
नारळ हलवून बघतात तसा त्यांनी तो कानाशी हलवला.
आत दाणे खुळखुळले.
बदली फिल्टर केवढ्याला, किती महिन्यांनी,
दोन वर्षांनी मिळेल ना, की तुम्हीच नसाल?
हे सगळं विचारून झाल्यावर
पहिल्यांदा त्यांनी मशीनची किंमत विचारली.

खरं सांगते, मला हिरवा दिवा हवा होता.
मध्यरात्री उठून बघायला काहीतरी.

आता घरात वहीचा कायदा चालतो.
दुपारी खाडीकडची खिडकी उघडी, मशीन बंद.
रात्री दहाला पूर्वेची लावायची, काचेला पट्टी,
दाराखालच्या फटीत जुन्या लुंगीची गुंडाळी,
आणि मशीन मनवाच्या खोलीत. फक्त तिथेच.
सगळं घर गाळायला निघालो, म्हणतात,
तर काहीच गाळलं जाणार नाही.

परवा मनवानं त्यांना विचारलं,
"आजोबा, तो केळ्यांचा वास तुम्ही बनवायचा का?"
मी कुकरची शिट्टी नीट करत राहिले.
बराच वेळ ते चष्मा पुसत होते.
"केळ्यांचा नाही," म्हणाले. "दुसरा. थोडा."
ती "बरं" म्हणून खेळायला गेली.

ते स्वतः हॉलमध्ये झोपतात, पूर्वेच्या खिडकीखाली.
आत या म्हटलं तर म्हणतात,
कुणाला तरी कळायला हवं ना, कधी सोडतात ते.
अडीचला वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो.
सकाळी उठून पांघरुणाची घडी घालतात,
आणि अभ्रा काढून, पांढराशुभ्र असतो आता तो,
उजेडाकडे धरून बघतात.