टेबल फिरवणाऱ्याचं म्हणणं

इथे सूर्य खांबावर आहे. पाचशे वॅटचा.
एका स्क्रूवर वर-खाली सरकतो.
तो स्क्रू माझ्या ताब्यात,
सकाळी नऊ ते सहा, जेवणाची सुट्टी सोडून.

यंत्र जर्मनीहून आलं, कुणीतरी दान दिलेलं.
त्याला वाटतं, जून म्हणजे उन्हाळा
आणि सूर्य दक्षिणेतून जातो.
आम्ही प्वेर्तो मोंतचे, नकाशात पार खाली,
आमचा सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो,
जातो तेव्हा.
म्हणून इस्मेनियाबाईंनी पहिल्याच वर्षी
खांबावरच्या महिन्यांना पांढरी पट्टी चिकटवली,
जूनच्या जागी डिसेंबर, डिसेंबरच्या जागी जून,
आणि तासांच्या तबकडीवर मी खडूने लिहिलं : उलटं वाचा.
नऊ म्हणजे तीन. तीन म्हणजे नऊ.
बारा तेवढे बारा.

मुलं येतात पुठ्ठ्याची घरं छातीशी धरून.
बाहेर चौथ्या दिवसाची झड,
तेव्हा घर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मूल भिजलेलं.
मी पडदे ओढतो. बटण दाबतो.
खिडकीतून नखाएवढा कवडसा आत शिरतो,
मी मूठ फिरवीन तसा जमिनीवरून चालतो,
भिंतीवर चढतो, विझतो.
दहा मिनिटांत अख्खं वर्ष.
एवढ्यावर देव होता येत असेल
तर पगार कमी आहे.

बाई म्हणतात, उन्हाला दार लावाल
तर डॉक्टरला उघडावं लागेल.
मुलं लिहून घेतात.
सगळ्यांची घरं मग उत्तरेकडे तोंड वासून,
काचाच काचा.

परवा रायेन मियापानचं घर आलं. दुधाच्या खोक्यांचं,
आतून अजून वास येणारं.
'एलेउतेरिओ, जून,' बाई म्हणाल्या.
मी दिवा खाली आणला. आमचा जून.
नऊ. दहा. बारा.
बैठकीत ऊन, स्वयंपाकघरात ऊन,
मागच्या एका खोलीत मात्र मिट्ट.
एक वाजला. दोन.
कुणीतरी मागे फिसकन हसलं.
'चुकलीस का गं?' बाईंनी विचारलं, प्रेमानेच.

'नाही बाई.
आई सॅमनच्या कारखान्यात आहे, रात्रपाळीला.
काटे काढते.
आठला घरी येते, नऊला पडते.
खिडकीला घोंगडी ठोकलीय आम्ही, सात वर्षं झाली,
खिळ्यांच्या भोकांतून तरी ऊन येतंच,
ती कूस बदलते, ऊनही बदलतं.
मी तिला चार वाजेपर्यंतची सावली बांधलीय.'

कुणी काही बोललं नाही.
माझा हात तबकडीवर तसाच.
'दादा, थांबू नका ना,' ती म्हणाली, 'अजून फिरवा.'
तीन. साडेतीन.
चारला, म्हणजे तबकडीवर आठला,
वायव्येच्या फटीतून एक तिरीप उतरली
आणि काड्यापेटीच्या पलंगावर
बरोबर पायथ्याशी टेकली.
'डोळ्यांवर नको,' रायेन म्हणाली.
'आधी पाय गरम होऊ देत.'

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं,
चष्मा पुसला, पुढचं घर मागवलं.
पुढचं घर काचेचं होतं.

सहा वाजता सगळे गेले.
खाली रस्त्यावर कारखान्याची बस थांबलेली,
पांढरे बूट पिशवीत घेऊन बायका चढत होत्या.
मी दिवा पुन्हा लावला. बारावर आणला.
करंगळी त्या खोलीत घातली, हळूच, पलंगापर्यंत.
बल्बची ऊब लागली थोडी.
उजेड नाही.

मग स्क्रू आवळला.
सैल राहिला तर सूर्य खाली घसरत राहतो
रात्रभर, खोलीत कुणी नसताना,
आणि सकाळी भलताच महिना निघतो.