बोटभर उंचीचं रान

मष्णू परत आला तेव्हा
जांबोटीच्या स्टँडवर त्याला कुणी ओळखलं नाही.
दाढी वाढलेली, डोळे बारीक केलेले,
समोर कायम काहीतरी पांढरं असल्यागत.

आधी उद्यमबागेत लेथवर होता,
मग जहाजाच्या इंजिनात, मग दोन वर्षं
नकाशाच्या वरच्या कडेला चिकटलेल्या एका बेटावर
शास्त्रज्ञांचे जनरेटर राखायला.
"त्याच्या वर काय?" आईनं विचारलं.
"वर काही नाही, अव्वा. कागद संपतो."
चार महिने तिथं रात्रच असते, हे ऐकून
ती बराच वेळ गप्प बसली.
"मग दिवा लावायचा कधी?"

कट्ट्यावरचे विचारत, पांढरं अस्वल बघितलास काय?
बघितलं एकदा. लांबून. वाळत घातलेल्या घोंगड्यासारखं.
त्याचं त्याला फारसं नव्हतंच.
तो झाडांचं सांगायचा.
तिथं वाळुंज असतो म्हणे,
आपल्या मलप्रभेकाठच्या वाळुंजाचा सख्खा भाऊ,
उंची बोटभर,
वय एखाद्या पणज्याचं.
"रानातून नाही गं, रानावरून चालायचं.
बूट काढावेसे वाटतात."

लोक हसले. मीही हसले.
मी खानापूरच्या रोपवाटिकेत मोजणीला.
काळ्या पिशव्यांतली अकेशिया,
दीड फुटाखालचं रोप
मी गाडीत चढू देत नाही.

आणि सुरय.
हिडकलच्या पाण्यावर दिसते त्याच कुळातली,
पण तिथली खड्यांत अंडी घालते
आणि जवळून जाणाऱ्याच्या
सगळ्यात उंच टोकावर चोच मारते.
म्हणून हा जनरेटरच्या खोलीपर्यंत
डोक्यावर चोवीसचा पाना धरून जायचा.
"ती पान्याशी भांडायची,
मी खालून निघून जायचो."

शास्त्रज्ञांची नावं त्याच्या जिभेवर बसेनात.
मग यानंच ठेवली,
थोडी आईच्या बोलीतली, थोडी बापाच्या.
जांभळ्या टिकल्यांना चुक्की.
कापूस धरणाऱ्या गवताला म्हातारी.
आणि दगडाला बिलगून वाढणारी
मुठीएवढी हिरवी गोळी, ती उशी.
उशीवर गुलाबी फुलं येतात ती
आधी दक्षिणेच्या अंगाला.
उत्तरेचं अंग कितीतरी दिवस मागं.
धुक्यात वाट चुकली की हा खाली बसायचा,
उशी शोधायचा.
"जिकडं गुलाबी, तिकडं घर."
एवढं बोलून त्यानं चहा संपवला,
आणि त्या दिवशी पुढं काही सांगितलं नाही.

श्रावण सरता सरता
मी त्याला सड्यावर नेलं, टेप धरायला.
रजिस्टरात त्या जागेसमोर लिहिलेलं आहे: पडीक.
दोन हजार खड्डे आखायचे होते.
पहिल्या खुंटीपाशीच
तो पोटावर आडवा झाला.
मला वाटलं, चक्कर आली.
"अगे, बघ की," म्हणाला, "हितं बी हाय."

काळा जांभा, त्याच्या खळग्यात वाटीभर पाणी,
पाण्याकडेनं सीतेची आसवं, निळी,
त्यांच्या पायाशी लाल चिकट पानं
चिलटं धरून बसलेली,
आणि आणखी एक पांढरं,
ज्याचं नाव मला येत नाही.
सतरा वर्षं मी या सड्यावरून चालत आलेय.
चपला घालून.

"यांची उंची किती लिहू?"
त्यानं बोट शेजारी धरलं.
नखाच्या वरपर्यंतही पोचत नव्हतं काही.

तेवढ्यात टिटवी उठली,
ओरडत, अगदी कानाशी.
मष्णूचा हात आपोआप डोक्यावर गेला,
मूठ वळलेली,
मुठीत पाना नव्हता.
ती त्या रिकाम्या मुठीशी भांडत राहिली,
आणि मी चपला हातात घेऊन
खालून निघाले,
पाऊल कुठं ठेवावं ते बघत,
ठेवायला जागा सापडेना.